अण्णांचा कोट आणि संस्थेचा फेटा

पोशाखाबद्दल ज्यांना कुणी काही शिकवायला जाऊ नये अशा माणसांत माझे वडील पहिले. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. एसटीत कंडक्टर होते. नोकरीभर खाकी घातली आणि निवृत्तीचा हार घरी आणला त्याच संध्याकाळी ती खाकी आईपुढं टाकून म्हणाले, हिची पायपुसणी कर. तेव्हापासून बाहेर पडायचं निमित्त जरा जरी मोठं असलं की अण्णा सूट घालतात. आत वेस्टकोट, गळ्यात टाय, कोटाच्या वरच्या खिशाला पेन. लग्न असो, बारसं असो, बँकेत हयातीचा दाखला द्यायचा असो. शहराचं नाव बदललं पण इथला मे महिना होता तसाच राहिला. गारखेड्यात दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही आणि अण्णा चौकात टाय सारखा करत रिक्षाची वाट बघत उभे असतात. घाम कानामागून कॉलरमध्ये उतरत असतो, पण वेस्टकोटाचं बटण काही उघडत नाही. आई म्हणते, ह्यांचा एक दिवस सुटातच रस्सा होणार आहे.

मी स्वतः त्यांना कमी बोललेले नाही. एका मुंजीच्या भर उन्हात, शेजाऱ्यांच्या गच्चीवरच्या कार्यक्रमात, ते घेरी येऊन खुर्चीवर बसले तेव्हा मी पदरानं वारा घालत म्हटलं होतं, अण्णा, निदान कोट तरी काढा. त्यांनी एक डोळा उघडून विचारलं, लोक बघत्यात का? बघतायत म्हटल्यावर तो डोळाही मिटून घेतला. कोट तसाच.

हा शौक नाही, हे मात्र मला लहानपणापासून माहीत आहे. आमच्या बैठकीच्या खोलीत दारासमोर जो फोटो आहे तो आमच्या वस्तीत प्रत्येक घरात आहे. निळा सूट, टाय, चष्मा, हातात पुस्तक. नाव सांगायची गरज नाही. काय घालावं असा प्रश्न पडला की त्या भिंतीकडं बघायचं, एवढाच आमच्या घरातला ड्रेसकोड.

त्या फोटोच्या खाली एक मोकळा खिळा होता. तो अण्णांनी मी बीएस्सी झाले तेव्हा ठोकला. पोरीचा गाऊनमधला फोटो तिथं लागायचा होता. पण बीएस्सीची पदवी मला खिडकीतून मिळाली. आत बसलेल्या बाईंनी जेवणाच्या सुट्टीआधी घाईघाईनं सरकवली आणि इथं सही करा म्हणाल्या. एमएस्सीचीही तशीच, फक्त खिडकी वेगळी होती. नात्यातल्या पोरांनी अशा वेळी एक सोपा उपाय काढलेला असतो. फोटो स्टुडिओत एक गाऊन टांगलेला असतो, त्याला फक्त पुढची बाजू असते आणि मागं नाड्या. तो बांधायचा, डोक्यावर चौकोनी टोपी ठेवायची, हातात गुंडाळलेला कोरा कागद धरायचा, की झाला पदवीधर. आमच्या नात्यातले निम्मे पदवीधर भिंतीवर असे पाठीमागून उघडे उभे आहेत. अण्णांना ते मान्य नव्हतं. पदवी घेताना अंगावर गाऊन असला तर तो गाऊन, नाहीतर ते नाटकाचं कापड, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं खिळा रिकामाच राहिला. दिवाळीला घर झाडताना आई त्याच्यावरची जळमटं काढायची आणि अण्णांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारायची, ह्याला पिशवी अडकवू का?

मग मी नोकरी आणि संसार सांभाळत, रखडत रखडत, पीएचडी केली. विषय गंगापूर तालुक्यातल्या विहिरींच्या पाण्यातले क्षार. अण्णांना क्षारांशी देणंघेणं नव्हतं. त्यांचा एकच प्रश्न होता, ह्या वेळी खिडकी हाय का स्टेज? मी म्हटलं, स्टेज. मी ज्या संस्थेत शिकवते तिचं आता खाजगी विद्यापीठ झालंय आणि पहिला पदवीदान सोहळा होणार आहे. संस्थेचं नाव इथं लिहीत नाही, कारण नोकरी अजून तिथंच आहे. अण्णांनी त्याच दिवशी सूट ड्रायक्लीनला टाकला.

सोहळ्यासाठी संस्थेनं पोशाख समिती नेमली आणि तीत मलाही घेतलं. महिला, मागासवर्गीय आणि विज्ञान शाखा हे तिन्ही रकाने एकाच खुर्चीत भरून निघतात, म्हणून मी संस्थेच्या बहुतेक समित्यांवर असते. अध्यक्ष स्वतः बैठकीला आले. हे अध्यक्ष गंगापूरकडच्या मोठ्या जमीनदार घराण्यातले. आजोबांची जमीन, वडिलांचा ऊस आणि ह्यांचं शिक्षण. म्हणजे ह्यांनी घेतलेलं नव्हे, ह्यांनी काढलेलं.

कुलसचिवांनी सुरुवातीलाच जाहीर केलं की काळा गाऊन हे गुलामगिरीचं चिन्ह आहे. इंग्रज गेले तरी आपण त्यांचे झगे घालून मिरवतो याची त्यांना फार वेदना होत होती. वेदना सांगताना त्यांच्या गळ्यात टाय होता आणि टायला सोनेरी पिन. अध्यक्षांनी मान डोलावली. त्यांच्या अंगात परदेशी कंपनीचा टी-शर्ट होता, छातीवर घोडा. मराठी विभागप्रमुखांनी परंपरेवर बराच वेळ भाषण केलं, ते एसीचा आवाज कमी केल्यावर ऐकू आलं. ठरलं असं: पुरुषांनी पांढरा कुर्ता-पायजमा, बायकांनी काठपदराची साडी, आणि सगळ्यांच्या खांद्यावर हिमरूचं उपरणं नि डोक्यावर फेटा. हिमरू हे आपल्या शहराचं वैभव, असं इतिवृत्तात लिहिलं गेलं. मग दर ऐकल्यावर हे वैभव जरा जड वाटलं, तेव्हा हिमरूसारखं दिसणारं कापड सुरतेहून मागवायचं ठरलं. नमुना आला तो मी हातात घेऊन बघितला. रसायनशास्त्राची बाई असल्यानं मला ते कापड कशाचं बनतं ते ठाऊक आहे, आणि ते काही कापसापासून बनत नाही.

फेटेही तयार शिवलेले होते, टोपीसारखे डोक्यावर ठेवायचे. रंग डाळिंबी की केशरी यावर दोन गट पडले आणि चहा दोनदा आला. शेवटी ठेकेदार म्हणाला, डाळिंबी माझ्याकडं शिलकीत आहेत. मग डाळिंबीला एकदम सांस्कृतिक महत्त्व आलं.

सूचनापत्राच्या मसुद्यात एक ओळ होती: मंगल प्रसंग असल्याने महिलांनी पांढरी साडी टाळावी. मी म्हटलं, माझं लग्न पांढऱ्या साडीत झालं. आमच्याकडं सगळ्यांचंच होतं, आणि नवरे अजून धडधाकट आहेत. टेबलाभोवतीचे सगळे एकदम असे कागदांत बघायला लागले की जणू मी कुणाचा पगार विचारला होता. कुलसचिव हसून म्हणाले, मॅडम, तसं काही मनावर घेऊ नका, ही जनरल सूचना आहे. ओळ तशीच राहिली. मग मी विचारलं की ज्यांना गाऊन घालायचा आहे त्यांनी काय करायचं? त्यावर अध्यक्ष पहिल्यांदाच माझ्याकडं बघून बोलले. म्हणाले, ताई, आपल्या मुळांची लाज वाटू देऊ नका.

मुळं म्हणे. हे वाक्य मी घरी जाईपर्यंत स्कूटीवर चावत होते.

अण्णांना सांगणं भागच होतं. ते पाटावर बसून बुटांना पॉलिश करत होते. मी एका दमात सांगून टाकलं: गाऊन नाही, साडी आणि वर फेटा. ब्रश थांबला. फेटा कुणाच्या डोक्यावर, असं त्यांनी विचारलं. माझ्या, म्हटलं. सगळ्यांच्याच. त्यांनी बूट खाली ठेवला. मग विचारलं, अध्यक्ष कोण, ते गंगापूरकडचेच ना? मी हो म्हटलं. घराण्याचं नाव त्यांना पाठ होतं.

मग त्यांनी आज्याची गोष्ट सांगितली. मी ती तुकड्यातुकड्यानं ऐकलेली होती, पूर्ण पहिल्यांदाच ऐकली. अध्यक्षांचे आजोबा आमच्या गावचे मालक. त्यांच्या घरी लग्नकार्य निघालं की माझ्या आज्याला बोलावणं यायचं. एरवी आज्याच्या अंगावर धड कापड नसायचं, पण त्या दिवशी मालकांच्या घरून फेटा मिळायचा, जरीचा. तो बांधून दिवसभर दारात उभं राहायचं, आलेल्या प्रत्येक पाहुण्याला वाकून जोहार घालायचा. आत पाऊल टाकायचं नाही. जेवण मागच्या दारी. आणि रात्री घरी जाताना फेटा सोडून, घडी करून परत द्यायचा. अण्णा तेव्हा लहान होते. फेट्यातला बाप त्यांना राजासारखा वाटायचा. एकदा ते कौतुकानं बघायला म्हणून दारापर्यंत गेले आणि बाप कुणापुढं किती वाकतो ते त्यांनी बघितलं.

"माझ्या बापाचं डोकं उघडं व्हतं तवा त्ये त्याचं व्हतं," अण्णा म्हणाले. "फेटा चढला की मालकाचं."

मी म्हटलं, मी जातच नाही सोहळ्याला. खिडकीतून घेते. ते एकदम भडकले. स्टेजवर जायचं, नाव पुकारलं गेलं पाहिजे, आणि ते नाव त्या अध्यक्षानं खाली बसून ऐकलं पाहिजे, असं त्यांनी बजावलं. मी हळूच सांगितलं की पालकांनाही सूचना आहे, शक्यतो पारंपरिक पोशाख. अण्णांनी पुन्हा ब्रश उचलला. आमची परंपरा सुटापासनं सुरू होती, म्हणाले, आणि बुटाच्या टाचेवर असे तुटून पडले की टाच बिचारी चमकायलाच लागली.

सोहळ्याच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. मांडव संस्थेच्या मैदानावर, बाजूला भले मोठे कूलर, त्यांचं वारं फक्त पहिल्या रांगेतल्या सोफ्यांना. मी लवकर पोचले. उपरणं गळ्याभोवती टोचत होतं, फेटा कपाळावर घसरत होता. आम्ही सगळे भावी डॉक्टर आणि पदवीधर रांगेत उभे होतो, तेवढ्यात चहाचे ट्रे घेऊन वाढपी आले आणि समितीच्या कामाचं फळ आम्हाला मिळालं. वाढप्यांनाही पांढरा कुर्ता-पायजमा आणि डाळिंबी फेटा होता. तोच कुर्ता, तोच फेटा. ठेकेदार एकच, माल एकच. फरक फक्त उपरण्याचा, आणि ते उकाड्यामुळं निम्म्या लोकांनी काढून खिशात कोंबलं होतं.

पुढचा अर्धा तास संस्थेच्या इतिहासात सोनेरी अक्षरांनी लिहावा असा गेला. भौतिकशास्त्रात संशोधन केलेला एक गृहस्थ कुणा पाहुण्याच्या ड्रायव्हरला तीनदा सांगत होता की मी चहावाला नाही, आणि ड्रायव्हर म्हणत होता, बरं बरं, मग निदान पाणी तरी आण. एका वाढप्याला कुलसचिवांनी धरून आमच्या रांगेत उभं केलं आणि फेटा नीट घाल म्हणून दटावलं. तो निमूट उभा राहिला, सावलीत उभं राहायला मिळतंय तर कोण नाही म्हणेल. मलाही एका बाईंनी कपाळावरचा घाम पुसत सांगितलं की त्यांच्या सासूबाईंना बिनसाखरेचा चहा हवाय. मी म्हटलं, बाई, मी क्षारांची डॉक्टर आहे, साखरेची नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि दुसरीकडं जाऊन तक्रार केली.

आणि त्याच वेळी गेटवर रिक्षातून अण्णा उतरले.

काळसर निळा थ्री-पीस, तांबड्या रेघांचा टाय, चष्मा, पांढरे केस मागं वळवलेले, बुटात आभाळ दिसावं असं पॉलिश. त्या अख्ख्या मैदानात सूट घातलेला माणूस एकच. मुख्य पाहुणे हैदराबादहून यायचे होते, कुणी निवृत्त मोठे शास्त्रज्ञ. त्यांना संस्थेत कुणीच बघितलेलं नव्हतं, निमंत्रणपत्रिकेवरचा फोटो तरुणपणीचा होता. गेटवरच्या स्वयंसेवकांना एवढंच कळलं होतं की जो आपल्यासारख्या कपड्यांत नाही तो मोठा माणूस. त्यांनी वॉकीटॉकीवर कळवलं, पाहुणे आले. नगाऱ्यावर टिपरी पडली.

मी रांगेतून बघत होते. अण्णांना दोन पोरी ओवाळत होत्या. अण्णा ताठ उभे राहून ओवाळून घेत होते, पालकांचं स्वागत संस्था अशीच करत असेल असं त्यांना वाटलं असावं. मग कुलसचिव धावत आले आणि सर, सर म्हणत त्यांना मधल्या गालिच्यावरून घेऊन गेले. पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसवलं, कूलरचं तोंड त्यांच्याकडं वळवलं. प्रवास कसा झाला सर, असं कुलसचिवांनी विचारलेलं मला ऐकू आलं. अण्णांनी खरं ते सांगितलं. रिक्षानं आलो, बरा झाला. कुलसचिव मागं वळून कुणाला तरी म्हणाले, बघा, एवढा मोठा माणूस आणि राहणी किती साधी.

आणि मग अध्यक्ष आले. आज त्यांच्या अंगावर रेशमी कुर्ता होता, घोडा नव्हता. दोन्ही हातांत मोठा पुष्पगुच्छ. अण्णा उठायला लागले तर बसा बसा करत अध्यक्ष पुढं झाले आणि कमरेत वाकले. नुसती मान नाही, कमरेत. सोफा बुटका होता, त्यामुळं त्यांचं डोकं अण्णांच्या गुडघ्यापर्यंत गेलं. फोटोवाल्यानं दोनतीन वेळा चकचक केलं. अण्णांनी गुच्छ घेतला, मान किंचित हलवली, टाय सारखा केला. त्यांना ओळखलं होतं की नाही ते चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. मी मात्र रांगेत पदर तोंडाशी धरून हसत होते. मी पुढं होऊन सांगू शकले असते की हे माझे वडील. माझी तशी अजिबात इच्छा नव्हती.

खरे पाहुणे आले ते विमानतळावरून, संस्थेच्याच गाडीनं. तेही सुटात. गेटवर आधी कुणी विचारलंच नाही, कारण पाहुणे तर कधीच आले होते. मग फोनाफोनी झाली, कुलसचिवांचा चेहरा फेट्यापेक्षा लाल झाला आणि ते गालिच्यावरून उलटे धावत अण्णांकडं आले. आता सर नव्हतं. "काका, तुम्ही कोण?" असं त्यांनी विचारलं. अण्णांनी माझं नाव सांगितलं, वडील आहे म्हणाले. काका, पालकांची जागा तिकडं आहे, मागं, उठा जरा लवकर. अण्णा उठले. वेस्टकोट खाली ओढला आणि चालायला लागले तर कुलसचिव पुन्हा मागून आले. ओ काका, तो बुके. गुच्छ एकच आणलेला होता. त्यांनी तो अण्णांच्या हातातून काढून घेतला, एक दबलेलं फूल वर काढून ठीक केलं आणि खऱ्या पाहुण्यांकडं पळाले. अध्यक्ष दोन पावलांवर उभे होते. ते पुन्हा वाकले, आता दुसऱ्या सुटापुढं. अण्णांकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. राग दाखवायचा तर तो माणूस आधी दिसावा तरी लागतो.

अण्णा मांडवाच्या शेवटच्या भागात, जिथं पत्र्याला लागून ऊन आत येत होतं, तिथं जाऊन बसले. मला रांग सोडता येत नव्हती. कुणी ओरडलं नाही, कुणी धक्का दिला नाही, म्हणून जे झालं त्याची तक्रारही कुणाकडं करता येणार नव्हती.

सोहळा सुरू झाला. पाहुण्यांच्या डोक्यावर अध्यक्षांनी स्वतः फेटा ठेवला, टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी तो मिनिटभर घातला, मग काढून समोरच्या टेबलावर ठेवला आणि माइकमध्येच हसून म्हणाले, "गरम होतंय." मांडव खो खो हसला. अध्यक्षही हसले, कुलसचिवही. किती दिलखुलास माणूस, असं सूत्रसंचालिका म्हणाली. सूट त्यांच्या अंगावर शेवटपर्यंत राहिला. गुलामगिरीचा विषय त्या दिवशी कुणीच काढला नाही.

माझं नाव पुकारलं गेलं. पायऱ्यांशी कुलसचिव उभे होते, सगळ्यांचे फेटे सरळ करून वर सोडत होते. मी माझा फेटा काढला आणि त्यांच्या हातात दिला. ते कुजबुजले, मॅडम, काय करताय, ड्रेसकोड आहे. "गरम होतंय, सर," मी म्हटलं. पाहुणे तीन पावलांवर उघड्या डोक्यानं उभे होते आणि त्यांना ते ऐकू गेलं. त्यांनी हसून मान डोलावली. कुलसचिव माझा फेटा घेऊन, ट्रे धरल्यासारखा दोन्ही हातांवर धरून, तिथंच उभे राहिले. मी वर गेले, पदवी घेतली. मागून, पत्र्याच्या बाजूनं, एकट्याच माणसाच्या टाळ्या ऐकू आल्या. कंडक्टरचे हात आहेत, भरल्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत तिकीट पंचाची टकटक पोचवायची त्यांना सवय.

परतताना रिक्षात मी एकदा विचारलं, राग आला का? तर म्हणाले, बुके बरा व्हता. तुझ्या आईला आवडला असता.

फोटोवाला माझ्याच विभागातल्या एका सहायकाचा मित्र निघाला. आठवड्यानं मी त्याच्याकडून दोन फोटो मिळवले आणि दोन्ही फ्रेम करून घरी आणले. एक माझा, पदवी घेतानाचा. दुसरा अध्यक्षांचा, अण्णांच्या गुडघ्यापर्यंत वाकलेले. संस्था हा फोटो जन्मात कुठं छापणार नव्हती, म्हणून मला तो जास्तच प्यारा होता. गाऊनचा फोटो नाही तर हा खिळ्याला लावू, असं मी मनाशी ठरवलंच होतं. ज्या घराच्या दारात आज्या दिवसभर वाकला त्या घरातला माणूस अण्णांपुढं वाकलाय, आणि तोही अशा स्पष्ट उजेडात. याहून मोठी पदवी कुठली?

अण्णांनी चष्मा लावून फोटो हातात घेतला. आई मागून वाकून बघायला लागली, तिला हसू आवरेना. अण्णा हसले नाहीत. त्यांनी बोटानं काचेवरून अध्यक्षांच्या डोक्यावर एकदा हलकेच टिचकी मारली आणि फ्रेम माझ्याकडं परत दिली.

"हा नको," म्हणाले. "ह्यो सुटाला वाकला. ह्याच्या आज्याला माझा बाप दिसला नाय, नुसता फेटा दिसला. ह्याला कोट दिसला. आतला मानूस दोघांनाबी दिसला नाय."

मला तो फोटो हवा होता आणि अजूनही हवा आहे, माझ्या कपाटात तो आहेच. पण खिळा माझा नव्हता.

त्यांनी माझा फोटो उचलला. त्यात मी काठपदराच्या साडीत, केस घामानं कपाळाला चिकटलेले, तोंडावर जरा भांडखोर भाव. गाऊन नाही, चौकोनी टोपी नाही. मी म्हटलं, अण्णा, तुम्हाला पाहिजे होता तसा नाही हा.

"डोकं उघडं हाय," ते म्हणाले. "लई झालं."

मग खुर्चीवर चढून त्यांनी तो खिळ्याला अडकवला, खाली उतरून लांबून बघितलं, पुन्हा चढून जरा डावीकडं सरकवला. पंखा बंद होता, दुपार होती, आणि फोटो लावण्यासाठी त्यांनी कोट घातला होता.